पाचवा भाग टाकाऊ

सुंदराबाईच्या तोंडी लागू नये, यावर अख्ख्या वस्तीचं एकमत होतं. एकमत होण्यासारख्या त्या वस्तीत दोनच गोष्टी होत्या, त्यातली ही एक. दुसरी गोष्ट म्हणजे ‘वज्रदीप’ या सात भागांच्या कादंबरीचा पाचवा भाग टाकाऊ आहे. गंमत अशी, की सुंदराबाईच्या तोंडाचा प्रसाद बहुतेकांनी कधी ना कधी खाल्लेला होता. पाचवा भाग मात्र एक जण सोडला तर कोणी वाचलेला नव्हता, ऐकलेला नव्हता, डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता.

वस्ती अकोल्याची, रुळांच्या पलीकडची. पुरुष कापसाच्या बाजारात हमालीला, बाया जिनिंगच्या कारखान्यात, म्हणजे जिनात. सुंदराबाई रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. एका छपराखाली असे रांगेनं रेचे धडधडत असले, की शेजारणीला ‘सरक’ म्हणायचं तरी ओरडून म्हणावं लागतं. वर्षानुवर्षं तसं ओरडल्यावर आवाज घरी येऊन लहान होत नाही. नवरा डोमाजी मुळातच कमी बोलणारा. लग्नानंतर त्यानं उरलंसुरलं बोलणंही तिच्या हवाली केलं. मुकादमानं एकदा तिच्या टोपलीला लाथ मारली, तर तिनं टोपलीतला कापूस त्याच्या डोक्यावर ओतला आणि वर त्यालाच वेचायला लावला. बाई फटकळ होती, भांडखोर होती, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं असे. हे फार वाईट. फटकळ माणूस चुकत असला तर सोसता तरी येतो.

छप्पन साली वस्तीनं धम्म स्वीकारला. देव्हारे रिकामे झाले, पोथ्या घराबाहेर गेल्या, रविवारची वंदना मनापासून सुरू झाली. पण पावसाळ्यात जिन बंद असतं, हाताला काम नसतं, आणि संध्याकाळी कोणाच्या तरी ओट्यावर बसून काहीतरी ऐकायची कानांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. देव सुटले, ही सवय सुटेना. तेव्हा जानराव मास्तरांनी मार्ग काढला. जानराव नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक, वस्तीतले पहिले मॅट्रिक. इस्त्रीचा सदरा, पुस्तकी भाषा, आणि सगळी वस्ती आपल्याच वर्गात बसली आहे असा कायमचा चेहरा. सत्तावनच्या पावसाळ्यात त्यांनी वाचनालयातून ‘वज्रदीप’चा पहिला भाग आणला आणि वाचायला बसले.

हिऱ्याचा एक दिवा. तो ज्याच्या हाती त्याचं समुद्रावर राज्य. तो लपवलेला किल्ला, बोलणारी गिधाडं, पाताळातली नदी, कपटी राजा, त्याचा एकडोळ्या जादूगार. विटेएवढा जाड एकेक भाग, एका पावसाळ्यात एक. मैनाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं पहिल्याच दिवशी पुस्तकावर फूल वाहिलं.

“ही पोथी नाही!” जानराव करवादले.

फूल बंद झालं, पण बाकी सगळं पोथीचंच राहिलं. प्रकरण चालू असताना कोणी उठायचं नाही. भाग संपला की सगळ्यांनी मिळून शिरा करायचा. आणि वाचणारा जे वाचील त्यावर शंका म्हणून घ्यायची नाही. देवांना जाब विचारून मोकळी झालेली माणसं ही, पण पुस्तक धरून बसलेल्या माणसाला जाब विचारायचा असतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या भागात विद्युल्लता आली. नावाड्याची पोर. राजाचा सेनापती तिच्या बापाला वल्ह्यानं मारायला धावतो तेव्हा ती वल्हं मधल्या मधे पकडते आणि म्हणते, “नदी तुझ्या राजाच्या आधीपासून वाहते आहे.” हे वाक्य जानरावांनी वाचलं, तेव्हा पोटुशी सुंदराबाई ओट्याच्या कडेला टेकून बसली होती. आधीची दोन लेकरं गेलेली. तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. दिवाळीच्या सुमाराला तिला मुलगी झाली आणि तिनं नाव जाहीर केलं: विद्युल्लता. वस्तीत कोणाच्या जिभेला ते वळेना. डोमाजीनं पहिल्याच दिवशी त्याचं ‘इजू’ केलं. पण ऐटीत कसर नको म्हणून सुंदराबाई नवी पाटी घेऊन जानरावांकडे गेली, आणि त्यांनी सुबक अक्षरात नाव लिहून दिलं. ती पाटी तिनं चुलीवरच्या फळीवर उभी करून ठेवली. नाव तिला वाचता येत नव्हतं, तरी येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते बोटानं दाखवी.

चौथा भाग संपला, शिरा झाला, आणि जानरावांनी सांगून टाकलं, “पाचवा आपण सोडून देऊ. नुसती गलबतं आणि वादळं. सातांत सगळ्यात टाकाऊ.” विद्युल्लता दक्षिणेकडे गेली, एवढ्या एका वाक्यात पाचवा भाग उरकून त्यांनी सहावा उघडला.

सहाव्यात एक नवीच बाई निघाली, कनकराणी. गरिबाच्या घरातून राजाच्या गादीवर जाऊन बसलेली. स्वतःचीच माणसं राजाच्या फौजेला दाखवून देऊन तिनं ती गादी मिळवली होती. जळक्या घरांतून उरलेले म्हातारे तिच्या वाड्याच्या फाटकाशी येतात, तेव्हा ती सज्जातून म्हणते, “मी यांना ओळखत नाही.” वस्ती त्या कनकराणीवर अशी काही उखडली, की बोलायची सोय नाही. सुंदराबाईनं तर तिचं नाव निघालं की थुंकायचा नेम धरला. “माह्या हाती लागली तर चोटीसकट रेच्यात घालीन तिले,” ती म्हणे. सातव्यात विद्युल्लता दक्षिणेतून परत आली, तिनं दिवा सोडवला, आणि सुंदराबाई डोळे पुसत घरी गेली.

आता सातही भाग झाले, म्हणजे सहा झाले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वाचायला कोणता घ्यायचा, यावरून ओट्यावर वाद पेटला. जानरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सातही भागांचे नंबर लावून दिले. पहिला नंबर तिसऱ्या भागाला, कारण त्यात किल्ल्याचं वर्णन उत्तम. मग पहिला, मग सातवा, चौथा, सहावा. दुसरा भाग सहाव्या नंबरावर. आणि तळाला अर्थातच पाचवा.

“दुसरा भाग साहाव्या नंबरावर?” सुंदराबाई उठून उभीच राहिली. “तुमच्या डोक्यात काही फरक हाय काय, भाऊ? दुसऱ्याचा पयला नंबर हाय!”

“दुसऱ्यात भाषा कच्ची आहे. रचना सैल आहे.”

“सैल का फैल, मले नाई समजत. वल्हं धरलं तवा तुमचाच आवाज कापत होता.”

जानरावांचं तोंड लाल झालं. ती खरं बोलत होती, आणि सगळ्यांदेखत बोलत होती. “हे पहा सुंदराबाई,” ते म्हणाले, “नंबर वाचणाऱ्यानं लावायचे असतात. ऐकणाऱ्यानं शिरा खावा.”

ओट्यावर हशा पिकला. मैनाबाईसुद्धा हसली, डोमाजीसुद्धा. सुंदराबाई तेवढी हसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला उलट काही बोलता आलं नाही. कारण तोंडानं देण्यासारखं त्याला उत्तरच नव्हतं.

त्याच आठवड्यात ती प्रौढांच्या वर्गात जाऊन बसली. प्रेमानं शिकणारी माणसं वेगळी. ही रागानं शिकली. पेन्सिल ती अशी दाबून धरी की पाट्यांवर ओरखडे उठत. जोडाक्षरांना तिनं ज्या शिव्या दिल्या, त्या वर्ग घेणाऱ्या बाईनं जन्मात ऐकल्या नव्हत्या. हंगाम सुरू झाला की दिवसभर रेचा, संध्याकाळी वर्ग, आणि घरी इजूच्या पहिलीच्या पुस्तकाशी झटापट. “राहू दे ना,” डोमाजी एकदा म्हणाला, “कोणाचं काय अडलं?” “माहं अडलं,” ती म्हणाली, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पहिल्यांदा जेव्हा एक आख्खी ओळ न अडखळता वाचता आली, तेव्हा तिला आनंद झालाच नाही असं नाही. पण त्या आनंदातही जानरावांचं नाक खाली झालेलं तिला दिसत होतं.

सहासष्टच्या पावसाळ्यात ती वाचनालयाची सभासद झाली. कारकुनानं विचारलं, पुस्तक कोणासाठी नेता? “माह्यासाठी,” तिनं अशा सुरात सांगितलं की त्यानं पुढे काही विचारलं नाही. आधी दुसरा भाग नेला. सावकाश, बोट ठेवून वाचला, आणि पहिला नंबर कायम केला. तिसऱ्यात किल्ल्याचं वर्णन खरंच चांगलं होतं, हे कबूल करायला तिला दोन दिवस लागले. चौथा झाला. मग कपाटातून पाचवा काढला. बाकीच्या भागांच्या पाठी फाटून दोऱ्यावर आल्या होत्या. पाचवाही तितकाच फाटलेला होता. टाकाऊ पुस्तक इतकी माणसं कशाला वाचतील, असं तिच्या मनात आलं.

त्यात गलबतं होती, वादळंही होती. आणि विद्युल्लता होती, पानोपानी. अर्ध्यावर राजा तिला भेटायला एकटा येतो. गोड बोलतो, गादी देऊ करतो. आणि ती, वल्हं पकडणारी, नदीचं ते वाक्य म्हणणारी विद्युल्लता, बापाच्या गावाकडे जाणारी चोरवाट त्याच्या फौजेला दाखवते.

सुंदराबाईला आधी वाटलं, आपलंच वाचणं कच्चं. कुठंतरी जोडाक्षर चुकलं असेल. तिनं पान पुन्हा वाचलं. बोटाखालची अक्षरं बदलेनात. गाव जळलं, आणि विद्युल्लतेनं ते गलबतावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी भर पावसात जाऊन तिनं सहावा भाग आणला आणि कनकराणी शोधायला लागली. कनकराणी कुठंच नव्हती. फाटकाशी म्हातारे होते, सज्जा होता, “मी यांना ओळखत नाही” हे वाक्य जसंच्या तसं होतं. ते म्हणणारीचं नाव तेवढं निराळं होतं. त्या नावाची पाटी चुलीवर होती. एक आख्खा पावसाळा आपण जिच्या नावानं थुंकलो, तिचंच नाव आपण पोरीला ठेवलं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि ती तशीच जानरावांकडे निघाली.

जानराव अंगणात दाढी करत होते. ती जाऊन त्यांच्या आणि आरशाच्या मधे उभी राहिली.

“कनकराणी कोन हाय?”

वस्तरा थांबला. “वाचलात वाटतं.”

“मी काय इचारलं? कनकराणी कोन हाय?”

“कोणी नाही.”

“पाटीवर नाव लिहून देल्लं, तवा सातही भाग वाचून झाले होते तुमचे?”

“झाले होते.”

“मंग तोंडात मिठाची गुळणी धरली होती काय?”

जानरावांची पुस्तकी भाषा इथं संपली. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून ते उठले. “हो, धरली होती! दोन लेकरं गेल्यावर पोट्टी झाली होती तुले. उभ्या वस्तीत साखर वाटून राह्यली होती. तवा सांगू काय तुले, का जिचं नाव ठेवून राह्यली ते पुढं फितूर होते म्हून?”

“सांगाचं होतं.”

“मले जित्ता सोडला असता तू?”

“ते माहं मी पाह्यलं असतं! आनि वस्तीचं काय? लोकायनं तुमचं काय घोडं मारलं होतं?”

“आपले लोकं आत्ता कुठं मान वर करून राह्यले. त्यायच्यापुढं वाचू काय, नावाड्याची पोर गादीवर बसली आनि आपल्याच मानसायले विकून आली? त्यासाठी बसत होते लोकं माह्यापुढं?”

“कशासाठी बसत होते ते तुमी ठरवलं?”

“वाचनारा मी होतो.”

“आता मी हाय.”

जानराव हसले. त्या हसण्यात माया नव्हती. “मंग वाच ना. आज ओट्यावर बस. पोट्टीले समोर बसव, आनि वाचून दाखव. पाहू तुही छाती.”

ही बातमी वस्तीभर व्हायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ओटा भरला, अंगण भरलं. सुंदराबाई जानरावांच्या जागेवर बसली. जानराव सगळ्यात मागे, खांबाला टेकून. इजू सगळ्यात पुढे, आई वाचणार म्हणून नवी रिबीन बांधून.

“हा पाचवा भाग,” सुंदराबाई म्हणाली. “हा वाचून माह्या जिवाचा नुसता संताप झाला. पन टाकाऊ नाई. मी याचा काय नंबर लावला ते आज सांगत नाई. तुमी आयका, आनि आपापला लावा.”

वाचन सुरू झालं. जानरावांसारखा आवाज खालीवर करणं तिला येत नव्हतं. ती जिनात बोलावं तशी वाचत होती. पण लोक ऐकत होते. वादळ झालं, गलबत फुटलं, राजा एकटा आला. पान उलटलं आणि ती चोरवाट समोर आली.

तिनं वर पाहिलं. इजू गुडघ्यांना मिठी मारून, तोंड उघडं टाकून ऐकत होती. दोन पानं. दोन पानं सोडली तर कोणाला कळणार होतं? राजाला हाकलून दिलं म्हणावं, विद्युल्लता दक्षिणेकडे गेली म्हणावं, झालं. मागे खांबापाशी जानराव तिच्याकडेच पाहत होते, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू आलं होतं. आता कळलं ना, म्हणणारं. त्या हसण्यानं तिला असा काही राग आला की तिनं पुस्तक दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि वाचलं. चोरवाट वाचली. फौज वाचली. गाव जळालेलं वाचलं. एक अक्षर गाळलं नाही.

“अवं,” मैनाबाई मधेच म्हणाली, “हे तर कनकराणीवानी करून राह्यली!”

“कनकराणी कोनीच नव्हती, माय. हेच ते. ते नाव मास्तरनं मनानं घातलं होतं.”

अंगणात एकच गलका उडाला. कोणी जानरावांकडे वळून पाहिलं, कोणी कपाळ बडवलं. इतकी वर्षं पाठ केलेले नंबर एकमेकांच्या अंगावर फेकून माणसं भांडायला लागली. आणि मग, जसं व्हायचं होतं तसंच, बहुतेकांच्या नजरा इजूकडे गेल्या. मागून कोणीतरी म्हणालंही, “मंग हे आपली इजू फितुराच्या नावाची हाय म्हना.” सुंदराबाई अर्धी उठली. त्या माणसाचा त्या दिवशी मुडदाच पडायचा. पण तेवढ्यात इजू बोलली.

“आई, माहं नाव ठेवलं तवा तुले हे ठाऊक होतं?”

“नाई.”

“मास्तरले?”

“त्यायले होतं.”

इजूनं मागे वळून जानरावांकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. “तुले ठाऊक असतं, तर ठेवलं असतं?”

खोटं बोलायला एवढी सोपी जागा सुंदराबाईला जन्मात मिळाली नव्हती. पण आत्ताच सगळ्यांदेखत ती दोन पानं वाचून बसली होती.

“नाई,” ती म्हणाली. “नसतं ठेवलं.”

“मंग काय ठेवलं असतं?”

“शकुन. तुह्या आजीचं.”

“शकुन!” इजूनं नाक असं मुरडलं की बघत राहावं. “मंग बरं झालं, मास्तरनं सांगतलं नाई.”

सगळी वस्ती हसली. हसता हसता बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. जानराव तेवढे हसले नाहीत. ते खांब सोडून सरळ उभे राहिले आणि त्यांना कुठं पाहावं ते कळेना. सुंदराबाईला संताप आला, लाज आली, आणि रडूही आलं, आणि त्यातलं काहीही फेकून मारायला समोर कोणी नव्हतं. ज्या माणसाला वस्तीपुढं उघडं पाडायला ती अक्षरांशी एवढी झगडली, त्याला तिच्याच पोरीनं एका वाक्यात सोडवलं होतं. आणि पोरगी खुशाल पुढं सरकून म्हणत होती, “वाच ना आई. मंग ते काय करते?”

सुंदराबाईनं खाली मान घातली, ओळीवर बोट ठेवलं आणि पुढचं वाचायला लागली.